मागच्या सीटवरचं आख्यान

साखऱ्याच्या शिवेवर पाण्याचा पाइप रस्त्यात आडवा गाडून वर मुरूम टाकलेला होता. व्यंकटरावांनी गाडी तिरपी घेतली, एक चाक चढवलं, थांबले, मग दुसरं चढवलं. तरी गाडीचं पोट घासलंच. खालून असा काही आवाज उठला, की शेजारी बसलेल्या लेकीनं, वैष्णवीनं, दात आवळले.

"आबा, आईची ती पांढरी गाडी असती तर कळलंसुद्धा नसतं."

"तेच तर," व्यंकटराव पुटपुटले. पण इंजिनच्या गदारोळात ते तिच्या कानापर्यंत गेलं नाही.

गाडी लाल होती. बुटकी, दोनच माणसांची, डोक्यावर ताडपत्रीचं छप्पर. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून त्यांनी ती दिवाळीत आणली आणि त्याच आठवड्यात पांढरी लांब गाडी विकून टाकली. पांढरी गाडी म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना. काचा वर केल्या, की शेजारून वरात गेली तरी आत पत्ता लागायचा नाही. ती घेतली तेव्हा व्यंकटराव याच गोष्टीची बढाई मारायचे. आता रोज हिंगोलीहून कळमनुरीच्या आपल्या कापसाच्या जिनिंगवर ते या लाल गाडीतून जात. साठीला टेकलेला माणूस, धोतर-टोपी, आणि बूड रस्त्याला लागेल अशा गाडीत पाय लांब करून बसलेला. कळमनुरीच्या बाजारात पोरं हसायची. मोठी माणसं हसत नसत, पण एकमेकांकडे बघत.

मांडवाच्या बाहेर संतराम उभाच होता. व्यंकटरावांच्या बायकोचा, नर्मदाबाईंचा, धाकटा भाऊ. सप्ताहाची सगळी उस्तवार त्याच्याकडेच असायची. व्यंकटराव एक हात दाराला, एक हात गुडघ्याला लावून गाडीतून निघू लागले, तसा तो कमरेवर हात ठेवून म्हणाला,

"दाजी, गाडीत बसलाव का गाडी नेसलाव?"

आजूबाजूची माणसं खळखळून हसली. वैष्णवीलाही हसू आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"मामा, तुमीच सांगा आता यांना. मी सांगून थकले."

"मी काय सांगू बापा? मोठ्या माणसाची हौस." मग संतराम जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "पण दाजी, खरं सांगू का, माणसं लई वंगाळ बोलून राहिली. म्हणतात, बाई जाऊन वरीस झालं न्हाई अन् मालकाला तारुण्य आलं. माझी बहीण होती ती. मला आयकावं लागतं."

व्यंकटरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"काला कवा हाय?"

"हे काय, महाराज उभेच राहून राहिले."

साखरा नर्मदाबाईंचं माहेर. चैत्रातल्या सप्ताहाला त्या दरसाल येत आणि काल्याच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसत. व्यंकटराव मात्र आत जात नसत. त्यांचा देवावर राग नव्हता, पण मांडवातली गर्दी आणि उकाडा त्यांना सोसत नसे. ते गाडीत गारवा लावून बसत आणि पेपर वाचत. त्यावर नर्मदाबाईंनी स्वतःच तोड काढली होती. परतीच्या वाटेवर मागच्या रुंद सीटवर मांडी घालून बसायचं आणि अख्खं कीर्तन गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला सांगत यायचं. ऐकलेलं कीर्तन न आलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय ते अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रसाद जसा घरी बांधून न्यायचा, तसंच ते. सांगायची त्यांची एक लकब होती. प्रत्येक वळणावर "अन् मग" म्हणून त्या जरा थांबायच्या, आणि पुढून "हं" आल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. व्यंकटरावांनी आयुष्यभर हुंकार दिला. अर्ध्या गोष्टी त्यांनी ऐकल्या, अर्ध्यांना नुसतंच "हं" म्हटलं. पण म्हटलं.

आज त्यांनी चपला काढल्या आणि ते मांडवात गेले. पहिल्यांदाच. संतराम बघतच राहिला. एका मेढीला टेकून त्यांनी बूड टेकलं. मृदंगावर थाप पडली, टाळ उठले, आणि महाराजांच्या पहिल्या सुरानं मांडव भरून गेला. त्या सुरात काय होतं देव जाणे, पण छातीवरची एक गाठ सैल होतेय असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं हे पन्नास पावलांवर चाललेलं होतं आणि आपण काच वर करून बसलो होतो. बायकांच्या घोळक्यात वैष्णवी बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, थेट आईसारखी मान कलती करून.

मध्येच बायकांच्या बाजूनं कुणी म्हातारी ओरडली, "महाराज, त्या गरिबाच्या शिदोरीचं सांगा. मागल्या साली सांगितलं व्हतं ते."

"सांगू की माय," महाराज हसले. "काला म्हटल्यावर ते आलंच."

व्यंकटराव उठले. माणसांच्या मांड्यांवरून वाट काढत, पायात चपला न घालताच गाडीपर्यंत गेले. कर्णा बाभळीवर बांधलेला होता, आणि या गाडीला वर करायला धड काचसुद्धा नव्हती. महाराजांचा शब्द न् शब्द ताडपत्रीतून आत येत होता. त्यांनी किल्ली फिरवली आणि पाय दाबून धरला. लाल गाडी जागच्या जागी गुरगुरत, थरथरत उभी राहिली. मांडवातल्या लोकांनी माना वळवल्या. संतरामनं कपाळावर हात मारला.

ती गोष्ट त्यांना अर्धी ठाऊक होती.

मागच्या साली याच तिथीला, याच उन्हात, मागच्या सीटवरून ती त्यांना सांगितली जात होती. एका पोराच्या घरी काहीच नव्हतं. पण पोराची चारचौघांत लाज जाऊ नये म्हणून त्याच्या आईनं रिकाम्याच फडक्याला गाठ मारून शिदोरी करून दिली. गोपाळ जेवायला बसले. सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या, हा आपला गाठ मुठीत धरून बसलेला. देव त्याच्यापुढं येऊन बसला आणि म्हणाला, सोड. "अन् मग," नर्मदाबाई म्हणाल्या.

"हं," व्यंकटराव म्हणाले.

मागून काही आलं नाही. उन्हाची दमली असेल, डोळा लागला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी गारवा थोडा वाढवला. "पड, पड," म्हणाले. गाडी पाण्यावरून जावी तशी चालली होती, ना गचका ना आवाज. हिंगोली आली. घराच्या फाटकात त्यांनी दार उघडलं, तेव्हा नर्मदाबाईंच्या मांडीवरचा द्रोण कलंडून दही-लाह्या सीटभर झाल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी हात धरून पाहिला आणि विचारलं, "कधी झालं हे? बराच वेळ झालाय." व्यंकटरावांना सांगता आलं नाही. नांदेडहून धावत आलेल्या वैष्णवीला त्यांनी सांगितलं, "दवाखान्याच्या दारापर्यंत बोलत होती. बोलता बोलता गेली." त्या एका वाक्यावर पोरगी सावरली. पुढं येणाऱ्याजाणाऱ्याला तीच ते सांगायची, "आई शेवटपर्यंत बोलत होती."

त्यानंतर पांढऱ्या गाडीत त्यांना बसवेना. सीट धुतली, पुसली, तरी फटींतून लाह्या निघतच राहिल्या. आणि त्या गुळगुळीत शांततेत मागून कुणीतरी श्वास घेतंय, आता बोलणार, असं वाटायचं. आरशात बघायचा धीर व्हायचा नाही. म्हणून मागं सीटच नसलेली गाडी. म्हणून हा गदारोळ, हे गचके.

पण त्यातही एक बारीक जागा उरली होती. गिअर बदलायला क्लच दाबला, की इंजिनचा आवाज क्षणभर खाली बसतो. नेमकं तेवढ्यात, पाठीला अगदी लागून, जिथं नुसता पत्रा आहे तिथून ऐकू यायचं, "अन् मग." म्हणून हल्ली तिसरा पडला, की पुढं ते गिअरच बदलत नसत. हिंगोलीपासून कळमनुरीपर्यंत तिसऱ्यावरच. त्यांचा जुना ड्रायव्हर रत्नपाल आता जिनिंगवर काटा सांभाळायचा. गाडी लांबूनच ऐकून तो म्हणायचा, "मालक, काहून तिला बोंबलायला लावताव? चौथा टाका की." व्यंकटराव मान हलवून पुढं जायचे. त्यालाही "हं" म्हणत नसत. तो शब्द त्यांच्या तोंडून वर्षभरात कुणालाच गेलेला नव्हता.

कीर्तन संपलं. दहीहंडी फुटली. वैष्णवी हातात लाह्यांचा द्रोण घेऊन आली ती फणफणतच.

"भर कीर्तनात गाडी चालू करून बसलाव. लोकांनी काय म्हणावं? आईच्या वर्षाला तरी!"

"बस."

तिनं दार आपटलं. साखरा मागं पडलं, मग सेनगाव. दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरी पडलेली रानं आणि मधून ही लाल गाडी, एकाच पट्टीत ओरडत. वैष्णवीनं रागात चार लाह्या तोंडात टाकल्या, मग आणखी चार. राग तिच्यात फार वेळ टिकत नसे, हे तिनं आईकडूनच घेतलं होतं.

"तुमी आयकायला पाहिजे होतं, आबा. किती गोड सांगितलं महाराजांनी." तिनं आवाज चढवला, इंजिनच्या वर. "एक पोरगं होतं. घरात दाणा न्हाई..."

व्यंकटरावांचे हात चाकावर घट्ट झाले. थांब, असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. ती सांगत गेली. फडकं आलं, गाठ आली, गोपाळ आले. तीच लकब, तेच थांबे. देव पोरापुढं येऊन बसला.

"देव म्हणाला, सोड. अन् मग..."

आणि ती थांबली.

व्यंकटराव वाट बघत राहिले. एक बाभूळ गेली. दुसरी गेली. शेजारून काहीच येईना. वळून बघायची छाती होईना. इंजिन एवढं ओरडत होतं, की शेजारचं माणूस श्वास घेतंय की नाही हेही कळू नये. त्या मऊ गाडीत जे कळलं नाही, ते या गाडीतही कळणार नव्हतं. त्यांचा पाय ब्रेकवर पडला, क्लचशिवायच. गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली. धुरळा पुढं निघून गेला.

"पुढं काय झालं?" ते ओरडले. "बोल! पुढं काय झालं?"

वैष्णवी डोळे विस्फारून त्यांच्याकडे बघत होती. गाल फुगलेले. तिनं घाईघाईनं घास गिळला.

"अहो, लाह्या खाऊन राहिले होते मी! केवढ्यांदा ओरडताव? अन् गोष्टीत तुमी कवापासून..."

बोलता बोलता तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. चाक अजून दोन्ही हातांनी आवळून धरलेलं होतं. गाडी तर बंद होती.

रानात कुठंतरी होला घुमत होता. वैष्णवीनं द्रोण मांडीवर नीट ठेवला. पदराच्या टोकानं बोटं पुसली, एकेक.

"आई गोष्टीत इथवरच आली होती का?"

व्यंकटरावांनी समोर बघितलं. मग मानेनंच हो म्हटलं.

"म्हणजे दवाखान्यापर्यंत नव्हती बोलत," ती म्हणाली.

"न्हाई."

"कुठं, आबा? सेनगावच्या अलीकडं का पलीकडं?"

त्यांनी हात उचलला, रस्त्याकडे दाखवल्यासारखा केला. मागं, पुढं. हात तसाच खाली आला.

"न्हाई माहीत, बाई. मी बोलत होतो तिच्याशी. पड म्हणलो. मला न्हाई माहीत."

वैष्णवी रडली नाही. ती मागं वळली आणि सीटच्या पाठीमागं जिथं नुसता पत्रा होता तिथं तिनं हात ठेवला. तिच्या आजवरच्या त्या एका वाक्याचं काय करायचं, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिनं द्रोण उचलला आणि वडिलांच्या पुढं धरला.

"आधी हे घ्या. दोन सालाचा प्रसाद राहिलाय."

त्यांनी चिमूटभर लाह्या घेतल्या. दही उन्हानं आंबलं होतं. ते चावत राहिले.

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. समोर रस्ता सरळ आणि मोकळा होता. व्यंकटरावांनी एकदा पोरीकडे पाहिलं आणि क्लच दाबला. आवाज खाली बसला.

"अन् मग," वैष्णवी म्हणाली, "पोरानं गाठ सोडली. फडकं रिकामं. सगळी पोरं हसली. देव न्हाई हसला. म्हणाला, तुमच्या समद्यांच्या शिदोऱ्या भरलेल्या, मग काला कालवायचा कशावर? रिकामं एवढं एकच निघालं. अन् ते मधोमध अंथरलं."

गाडी चौथ्यावर पडली. इंजिन निवलं.

"हं," व्यंकटराव म्हणाले.