नऊ घरांचं कोठार

फरशीला गाल टेकवून मावशींनी टेपचं टोक छोट्या खाटेखाली आणखी आत सरकवलं.

"नऊ इंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"मावशी, काय हरवलं?" दारातून संचालिकाबाईंनी विचारलं.

"हरवलं नाही काही. जागा शोधतेय."

"कशाला? परवाच बोलणं झालं ना आपलं?"

झालेलं बोलणं असं होतं. पाळणाघरात एकतीस मुलं होती आणि त्यांचं दुपारचं गरम जेवण गेली अकरा वर्षं मावशींच्या हातचं होतं. पण सगळंच महागलं होतं. फी वाढवावी, तर निम्म्या आया मुलं घरी ठेवणार. तेव्हा पुढच्या महिन्यापासून जेवण बंद, त्याऐवजी बिस्किटं आणि एकेक केळं. मावशींनी मान डोलावली होती, पण त्यांच्या डोळ्यांसमोरून ताटल्या हलत नव्हत्या. पाच-सहा ताटल्या रोज धुवायलाही नकोत इतक्या स्वच्छ होऊन परत यायच्या. त्या कोणाच्या, हे मावशींना पाठ होतं.

"मला एक महिना द्या," गुडघे झटकत उठून त्या म्हणाल्या. "आहेत तेवढ्याच पैशांत करून दाखवते. गावाबाहेरच्या त्या घाऊक दुकानातून आणते सगळं."

संचालिकाबाईंनी न्हाणीघराकडे पाहिलं. त्यांना काय आठवलं ते मावशींनी ओळखलं. गेल्या हिवाळ्यात स्वस्त मिळतंय म्हणून मावशींनी पिठाच्या चार गोण्या उचलून आणल्या होत्या. स्वयंपाकघरात कपाट एकच. एक गोणी त्यात मावली, बाकीच्या न्हाणीघराशेजारच्या बोळात ठेवल्या. नळ गळत होता. तिन्ही गोण्यांचा लगदा झाला. तो उकिरड्यावर नेताना मावशींनी कोणाला हात लावू दिला नव्हता आणि त्या दिवशी त्या स्वतः जेवल्या नव्हत्या.

"पिठाचं विसरले नाही मी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आधी जागा मोजतेय. सामान नंतर."

"बरं, एक महिना," बाई म्हणाल्या. मग जाता जाता थांबल्या. "मलाही हौस नाहीये हो, बिस्किटं वाटायची."

दुसऱ्या दिवशी मावशी बसने त्या दुकानात गेल्या. आत मांडण्या पार छतापर्यंत गेलेल्या, ढकलगाड्या पाळण्याएवढ्या. मावशींनी गळ्यातला टेप काढला आणि तेलाचा डबा मोजायला घेतला.

"आजी, इथे कपडे नाही शिवून मिळत," तिथला एक कामगार हसत म्हणाला.

"माहितीये रे बाबा. तुमचा डबा माझ्या कपाटात शिरतो का ते बघतेय. हा गोल नको, कोपरे फुकट जातात. चौकोनी आहे?"

चौकोनी डबा होता, सगळ्यात खालच्या फळीवर. कामगाराने तो काढून दिला आणि वर सुचवलं, "मुरंब्याची मोठी बरणी घ्या ना, दोनावर एक फुकट आहे."

"आणि ती उघडल्यावर ठेवू कुठे? तुझ्या घरी? फुकटच्या बरणीलाही जागा लागते."

त्याला मजा वाटली असावी. मागेमागे फिरत त्याने कामाची गोष्ट सांगितली. तांदूळ, पीठ, राजमा काहीही असो, दहा-दहा किलोंच्या चौदा गोण्या एकदम उचलल्या तर भाव बराच उतरतो. तेरा घेतल्या तर नाही. मावशींनी मनातल्या मनात मांडणी केली. खाटांखाली पाच बसत होत्या. नऊ उरत होत्या.

संध्याकाळी मुलांना न्यायला पालक आले, तेव्हा मावशी हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्या पलंगाखाली एक गोणी मावेल का हो?"

"कोणाला लपवायचंय?" पंप दुरुस्त करणारे एक बाबा म्हणाले.

"तांदळाला."

हशा पिकला. मग मावशींनी सगळं सांगितलं. जेवण बंद होणार आहे, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. पंपवाल्यांनी पहिला हात वर केला. कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करणारी एक आई मागे उभी होती. ती म्हणाली, "माझी खोली एवढीशी आहे, पण पलंग उंच आहे. एक ठेवते मी." नऊ घरं झाली. कोणी कुठल्या सोमवारी आपली गोणी आणायची, ते मावशींनी कागदावर लिहून भिंतीला लावलं. इस्त्रीवालीचं नाव शेवटी आलं, सहाव्या आठवड्यात.

पहिला महिना निभावला. निभावला कसला, डौलात गेला. मावशी भांडं उघडायच्या तेव्हा वास रस्त्यापर्यंत जायचा. एका महिन्याचे पैसे सहा आठवडे पुरणार, हे दिसल्यावर संचालिकाबाईंनी बिस्किटांची गोष्ट पुन्हा काढली नाही.

पाचव्या आठवड्यात पंपवाल्यांनी हळूच बातमी आणली. कपडे धुण्याचा कारखाना बंद पडला होता, वीस दिवस झाले होते. मावशींना एकदम उमगलं, इस्त्रीवालीची मुलगी हल्ली तिसऱ्यांदा ताटली पुढे का करते ते.

"तिची गोणी आधीच मागवून घेऊ या," संचालिकाबाई म्हणाल्या. "वाईट अर्थाने नाही. पण घरात काही नसताना पलंगाखाली दहा किलो तांदूळ... तिलाच अवघड."

"नको बाई. आज मागितली तर तिला कळेल आपण काय समजलो ते. पाळी आली की आणेल ती."

"आणि नाही आणली तर?"

"तर मी पातळ शिजवीन. पण मागणार नाही."

असं ठामपणे म्हणाल्या खऱ्या, पण तो सोमवार येईपर्यंत मावशींचा जीव टांगणीला होता. गोणी अर्धी आली तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे त्या भाजी चिरता चिरता घोकत होत्या.

सोमवारी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. इस्त्रीवाली खांद्यावर गोणी घेऊन आली. बसचे पैसे वाचवायला चालत आली असणार, पदर घामाने चिकटला होता. तिने गोणी ओट्यापाशी उतरवली आणि तोंडाकडची बाजू मावशींकडे फिरवली. दुकानातून आली तेव्हाची पांढऱ्या दोऱ्याची शिलाई या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत होती.

"बघून घ्या, मावशी."

"बघायचं काय त्यात?"

"नाही, वजन करा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या गोण्यांचं करता ना?"

मावशींनी सगळ्यांच्या गोण्यांचं वजन केलेलं नव्हतं. पण त्यांनी काटा पुढे ओढला, गोणी त्यावर ठेवली आणि वाकून नीट पाहिलं.

"दहाला दहा."

"हं," इस्त्रीवाली म्हणाली. तिने पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि जायला वळली.

जेवून जा म्हणावं, असं मावशींच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"अगं, थांब जरा. मला आज पुढच्या खेपेची यादी करायचीय, इकडे कोणी बघायला नाही. चव घेऊन सांग बरं. माझी जीभ सर्दीने गेलीय."

त्यांनी मोठ्या वाडग्यात राजमा वाढला, काठोकाठ, बाजूला भात. इस्त्रीवाली क्षणभर वाडग्याकडे बघत राहिली. मग स्टुलावर बसली आणि सावकाश, एकेक घास नीट पारखत जेवली.

"मीठ किंचित कमी आहे," शेवटी ती म्हणाली.

मीठ अगदी बरोबर पडलं होतं. मावशींनी डबा उघडला आणि चिमूटभर मीठ भांड्यात टाकून ढवळलं.

"आता?" त्यांनी विचारलं आणि डाव तिच्यापुढे धरला.