लालीबाईच्या घरच्या सुया

फुलसावंगीच्या पलीकडं लालीबाईचा तांडा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारच्या उन्हात तिच्या अंगणात पांढरे तंतू असे तरंगायचे की जमीन कुठं संपली अन् आभाळ कुठं सुरू झालं, बसल्या जागी कळू नये. त्यात बसून लालीबाई आरशांचं भरतकाम करायची. तिच्यासारखा टाका आसपासच्या चार तांड्यांत कुणाला जमत नव्हता, आणि हे ती कुणाला विसरूही देत नव्हती.

कुणी सुई मागितली तर ती हातात देत नसे. जमिनीवर ठेवायची, मग समोरच्यानं उचलायची. हातातून हातात सुई गेली की भांडण लागतं, असं तिच्या आईनं सांगितलेलं.

लागोपाठ दोन वर्षं अळीनं बोंडं पोखरली, तेव्हा तिचा पोरगा बादल वणीला कोळशाच्या ट्रकवर गेला. ट्रकसोबत जागरण आलं. जागरणासोबत नशेची सुई आली. आता तो चार दिवस घरी आला होता अन् बाजेवर असा पडला होता, जणू कुणी त्याला झोपेच्या पाण्यात सोडून दिलंय.

त्याच्या पिशवीत तिला पिवळा डबा सापडला होता. आत दहा नव्या कोऱ्या सुया. तिच्या नणंदेची पोरगी रंजिता वणीला नशेवाल्यांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेत होती, तिनंच दिलेल्या. लालीबाईनं डबा उचलला अन् सरळ चुलीत घातला. प्लास्टिक जळल्याचा वास घरात दोन दिवस राहिला. तिला वाटलं, बला जळाली.

तिसऱ्या दिवशी बादलचा दंड सुजून भोपळा झाला.

निरोप गेला तशी रंजिता आली. तिनं गुपचूप जखम धुतली, पट्टी बांधली, दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. तोवर लालीबाईनं दम धरला होता.

"सुया वाटून राह्यली तू? परसाद हाय का तो? लाज नाई वाटत, मामीच्या घरात आग लावाले?"

"मामी, तू जाळल्या त त्यानं नशा सोडली का?"

लालीबाईनं बाजेकडं बघितलं.

"नव्या जळाल्या त फाट्यावर जाऊन देवीलाल ट्रकवाल्याची वापरलेली सुई घेतली यानं. म्हणून हात पिकला. याहून मोठं दुखणंही येऊ शकते त्याच्यातून. नशा सोडाची गोळी भेटते दवाखान्यात, मी त्याले नेतो तिथं, पण तो येईन तवा. तोवर जिता त राहू दे त्याले."

"मोठी शायनी झाली!" लालीबाई म्हणाली, पण आवाजात धार नव्हती.

रंजिता हात धुवायला गेली. तंतू तरंगत होते. लालीबाईला कापसाच्या ढिगावर जमनी बसलेली दिसली. तिची धाकटी बहीण. दहा वर्षांची, तेव्हा होती तशीच, पाय हलवत. जत्रेत गोंदणारीच्या पुढं पाच पोरी एका सुईखाली बसल्या होत्या. चौथीच्या हाताला फोड होते. "मी नाई बसत तिच्यामागं," म्हणून जमनी रडली, अन् लालीबाईनंच तिला दंडाला धरून बसवलं होतं. भित्री म्हणून हसलीही होती. तीन ठिपके हिरवे उमटले, मग हात सुजला. नवव्या दिवशी जमनी गेली.

ढिगावरच्या जमनीनं हात पुढं केला. ठिपके अजून हिरवे होते. वारा आला अन् ढिगावर नुसता कापूस उरला.

"रंजिते," लालीबाईनं हाक मारली, "दुसरा डबा हाय का तुझ्यापाशी?"

दवाखान्यातून सूज उतरवून बादल वणीला निघाला, तेव्हा तिनं आपल्या भरतकामाचा रुमाल अंगणात अंथरला. त्यावर नवा डबा ठेवला. हातात दिला नाही.

"उचल. दुसऱ्याची सुई घेतली त हातच तोडीन मी. अन् वापरलेल्या याच्यातच भरून घरी आण. रंजिता घेऊन जाईन."

"याडी, तू..." बादलनं वाकून डबा उचलला.

"म्या काय? निघ. गाडी चुकन."

पंधरा दिवसांनी तो आला. उन्हातून येताना डबा खुळखुळ वाजत होता, लहान लेकराच्या पैंजणासारखा. लालीबाईनं आधी त्याचा दंड बघितला. वळ होता, सूज नव्हती. मग तिनं डबा उघडला.

"आठच हाय. दोन कुठी?"

बादल खाली बघू लागला. "देवीलालले देल्या. नव्याच. त्याच्यापाशी नव्हत्या."

लालीबाईनं देवीलालच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पट्टी बांधायची राहिलेली एखादी जागा शोधावी तशी ती बादलकडं बघत राहिली. मग डब्याचं झाकण लावून तिनं तो रंजितासाठी रुमालावर ठेवला.

"त्याले सांग," ती म्हणाली, "लालीबाईच्या घरच्या सुया हाय त्या. वापरून झाल्या की वापस आल्या पाह्यजे."