साहेबांचा डोळा आणि दहा मिनिटं

घड्याळजीच्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला कधी वेळ विचारू नये. आमच्या घरात घड्याळं किती, ते मलाही सांगता येणार नाही. दुरुस्तीला आलेली निम्मी दुकानात असतात, निम्मी जिन्यात, आणि प्रत्येकाचं स्वतःचं एक मत असतं. त्यांत मानाची दोनच. एक नवऱ्याच्या मनगटावरचं, ते सेकंदाला सेकंद बरोबर. दुसरं सासऱ्यांच्या खोलीतलं लंबकाचं, ते कायम दहा मिनिटं पुढे. चुकून नव्हे हं, मुद्दाम.

"माणसानं वेळेच्या पुढे असावं," बाबा म्हणतात.

"मग घड्याळ कशाला? ज्योतिषी ठेवा," असं नवरा म्हणतो.

दुकान मुलाच्या हाती सोपवून बाबांना बरीच वर्षं झाली, पण हा वाद मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवला आहे. मी आपली फोनवर वेळ बघते, तीही लपून. फोनवर वेळ बघणं म्हणजे आमच्याकडे घराण्याच्या तोंडाला काळं फासणं आहे.

आणि साहेब म्हणजे आमचा गिनीपिग. लेक शिकायला बाहेरगावी गेली, जाताना त्याला मागे ठेवून गेली. पोट सुटलेलं, दिवसभर एका जागी बसणं, आणि खाणं यायला जरा उशीर झाला की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेणं. नाव ठेवायला फार विचार करावा लागला नाही. "हा उंदीर माझ्या खोलीत नको," असं बाबांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं. आता त्यांच्याच खोलीत साहेबांचा पिंजरा आहे, आणि ढोबळी मिरची ते स्वतःच्या हाताने चिरून त्याला भरवतात. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मला कुणी कधी काही चिरून दिलेलं नाही.

एका सकाळी साहेबांनी शिट्टी मारली नाही. बाबांनी मला हाक मारली ती अशी की माझ्या हातातलं भांडं सुटलं. जाऊन बघते तर साहेब कोपऱ्यात अंग चोरून बसलेले, उजवा डोळा घट्ट मिटलेला आणि त्यातून पाणी वाहतंय.

नवरा दुकानातून धावत वर आला. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावलं, साहेबांच्या पापणीशी नाक नेऊन म्हणाला, "काचेवर चरा गेलाय. आत गवताचं तूसही दिसतंय. थांब, चिमटा आणतो."

"चिमटा आणतो? आणि मग काय, पॉलिश करणार?" मी ओरडले.

"अगं, याहून बारीक स्क्रू काढतो मी रोज."

"स्क्रू पळून जात नाही," बाबा म्हणाले. तेवढ्यात साहेब पळून गेलेच, कपाटाखाली. घड्याळजींच्या दोन पिढ्या जमिनीवर पालथ्या पडून कपाटाखाली हात घालत होत्या आणि मला, देवाशपथ, हसू आवरत नव्हतं. साहेब बाहेर आल्यावर नवऱ्याने स्वतःच्या डोळ्यांसाठी कधीतरी आणलेली जुनी बाटली पुढे केली. ती मी हिसकावून पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, आता जे काय ते डॉक्टरांकडेच.

मिळेल त्या खोक्यात साहेबांना घातलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'हलवू नये. लंबक आत आहे.'

डॉक्टरबाई मोठ्या शांत स्वभावाच्या. त्यांनी साहेबांना टॉवेलात गुंडाळलं, डोळा बधिर करायचा थेंब घातला, सलाइनची धार सोडली आणि तूस बाहेर आलं. मग डोळ्यात नारिंगी रंग सोडला, खोलीतले दिवे घालवले आणि निळा प्रकाश टाकला. बुबुळावरची जखम हिरवीगार चमकली. एवढंसं जनावर, आणि त्याच्या डोळ्यात केवढी ती रेघ! दिवे लागले तेव्हा साहेबांच्या नाकातून हिरवं पाणी ओघळत होतं.

"अहो, डोळा नाकातून वाहून चालला!" बाबा किंचाळले.

"काही नाही हो आजोबा, रंग आहे तो. डोळ्याची वाट नाकातच उतरते," बाई म्हणाल्या. मी पर्समधली बाटली दाखवली. ती त्यांनी सरळ केराच्या डब्यात टाकली. अशा काही औषधांनी जखम उलट वाढते म्हणे. मी नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

त्यांनी दोन बाटल्या दिल्या. लाल झाकणाची औषधाची, पांढऱ्या झाकणाची डोळा ओला ठेवायची. दिवसातून चार वेळा, आधी लाल, मग दहा मिनिटांनी पांढरी. "लागोपाठ घालू नका. दुसरा थेंब पहिल्याला धुवून टाकतो. खाणं बंद पडू देऊ नका. आणि जखम भरली नाही तर..." त्यांनी साहेबांच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "तर डोळा काढावा लागेल."

घरी येईपर्यंत बाबा खोकं मांडीवर घट्ट धरून बसले होते. जिना चढताना एकदम म्हणाले, "दिवसभर माझ्याशी बोलणारं ते एकच आहे गं."

"आणि मी काय मुकी आहे?" मी फणकारले. पण खोक्याला खालून हात मीही लावला, खोटं कशाला बोलू.

कामं वाटून घेतली. लाल बाटली नवऱ्याकडे, सकाळी आठला आणि तिथून पुढे ठरल्या वेळी. पांढरी बाबांकडे, त्यानंतर दहा मिनिटांनी. मी टॉवेल धरायचा. आणि काय सांगू, दृश्य बघण्यासारखं होतं! नवरा जिना चढून दारात यायचा, त्याच क्षणी बाबा खुर्चीतून उठायचे. एक थेंब लाल, एक थेंब पांढरा. ना वाद, ना टोमणा. एकमेकांचं तोंड न बघणारे बापलेक साहेबांसाठी एका ठोक्यावर हजर होतात म्हणून मला इतका आनंद झाला की मी लेकीला फोन करून कळवलं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा निळा प्रकाश टाकला. हिरवी रेघ आता पसरून डाग झाली होती.

"औषध घालताय ना वेळेवर?"

"बरोबर आठला," नवरा म्हणाला.

"बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी," बाबा म्हणाले.

"आणि दोघं एकाच वेळी!" मी कौतुकाने म्हटलं, आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. एकाचं घड्याळ बरोबर, दुसऱ्याचं दहा मिनिटं पुढे. एकाचे आठ वाजतात तेव्हा दुसऱ्याचे आठ-दहा. लाल थेंब आत जातोय न जातोय तोच पांढरा त्याला नाकावाटे घालवून देत होता. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. आणखी तीन दिवस बघू, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा लाल थेंब घालून खाली गेला. मी टॉवेल धरून बसले. बाबा उठेनात. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. म्हातारा रुसला की काय? मी लपवून फोन बघितला. आठ वाजून पाच मिनिटं. म्हणजे नवरा आला होता आठला दहा मिनिटं कमी असतानाच! मी भिंतीवर बघितलं, तर लंबकाच्या घड्याळातही आठ-पाच.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबांनी आदल्या रात्री आपलं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं होतं. आणि नवऱ्याने त्याच रात्री आपलं दहा मिनिटं पुढे केलं होतं. एकमेकांना न सांगता! बाबा आठ-दहाला उठले, पांढरा थेंब घातला. मध्ये चांगली वीस मिनिटं गेली होती. मी टॉवेलात तोंड खुपसून हसले. साहेबांना ते आवडलं नाही.

दुपारी बाबा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "याचं घड्याळ पुढे धावतंय. बोलू नकोस हं त्याला, वाईट वाटेल."

संध्याकाळी नवरा म्हणाला, "बाबांचं घड्याळ मागे पडायला लागलंय. स्प्रिंग गेली असेल. त्यांच्यासमोर विषय काढू नकोस."

मी दोघांनाही "बरं" म्हटलं आणि मूग गिळून बसले. वीस मिनिटं तर वीस मिनिटं! लाल थेंबाला आपलं काम करायला निवांत वेळ मिळत होता. साहेब मिरची खायला लागले. मग एका सकाळी अशी खणखणीत शिट्टी मारली की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

त्या दिवशी दवाखान्यात पुन्हा दिवे मालवले. निळा प्रकाश पडला. साहेबांचा डोळा काळाभोर, चकचकीत. हिरवं कुठेच नाही.

"परत बघा," बाबा अंधारातून म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

बाईंनी परत बघितलं. "भरली हो जखम, आजोबा. डोळा वाचला."

दिवे लागले. बाबांनी नवऱ्याचं मनगट गच्च धरलेलं होतं, अंधारात कधी धरलं कुणास ठाऊक. दोघंही ओशाळले. पण बाबांनी हात सोडला नाही. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर गेली, तिथून दवाखान्याच्या भिंतीवरच्या, आणि परत मनगटावर.

"हे तर बरोबर दहा मिनिटं पुढे आहे," ते हळूच म्हणाले.

"हो. तुमच्या घड्याळाशी जुळवलंय."

"गाढवा," बाबा म्हणाले, "मी माझं तुझ्याशी जुळवलं."

डॉक्टरबाई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या. नवऱ्याला हसू फुटलं, मग बाबांना, आणि मी तर खुर्चीवर बसून हसता हसता रडायलाच लागले. साहेबांनी टॉवेलातून डोकं बाहेर काढलं आणि आमच्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं.