आहेरात गेलेली पेटी

मी तुळशीदास. एसटीत ड्रायव्हर होतो, आता निवृत्त आहे. माझा स्वभाव तापट आहे असं माझी बहीण कमू येईल त्या पाहुण्याला सांगत असते. खोटं नाही. मोखाड्याच्या घाटात जन्मभर गाडी चालवून ज्याचं डोकं थंड राहिलं असा माणूस मला दाखवा, मी त्याला चहा पाजतो. पण ही गोष्ट माझ्या डोक्याची नाही, माझ्या भाचीच्या पेटीची आहे.

भाची म्हणजे कमूची नीता. ठाण्याला एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. बिनखिडकीच्या खोलीत बसून परक्यांच्या वराती कापायच्या आणि जोडायच्या, हेच काम. शिमग्याला खोडाळ्याला आली ती परत जायलाच तयार होईना.

"मामा, आपल्याकडं लग्नाचा व्हिडिओ कधी बघायला मिळतो?"

"बारशाला," मी म्हणालो. खरंच तसं आहे. शूटिंगवाला एकदा गेला की त्याचा फोन लागत नाही, आणि लागलाच तर तो म्हणतो, काम चालू आहे.

"मी लग्नातच दाखवणार. त्याच दिवशी, त्याच मांडवात, नवरी सासरी निघायच्या आधी."

"तुझा लॅपटॉप नुसता फोटो उघडायचा तर घरघरतो."

"म्हणून तर मोठा कॉम्प्युटर बांधायचाय. ताकदीचा. पण टेबलावरचा नाही, उचलून कुठंही नेता येईल असा. पेटीत."

कमूनं कपाळावर हात मारला. स्टुडिओवाला नीताला परत घ्यायला तयार होता, आणि लागलेली नोकरी सोडून पोरगी पेटी बांधत बसणार हे तिच्या गळ्याखाली उतरेना. शेवटी तिनं निकाल दिला. पहिल्या लग्नात सांगितल्याप्रमाणे सिनेमा दाखवलास तर राहा. नाही जमलं तर गुमान ठाण्याला जायचं. आणि नीताची बॅग तिनं दाराशीच ठेवली, माळ्यावर चढवू दिली नाही. येता-जाता त्या बॅगेला ठेच लागायची, आणि मला वाटतं कमूला तेच हवं होतं. मला मात्र पोरगी इथंच हवी होती. ती घरात असली की भांडायला कुणीतरी असतं.

पेटी आली मुंबईच्या भंगार बाजारातून. काळी, जाड प्लास्टिकची, कुण्या सर्वेवाल्यांच्या दुर्बिणीची असावी. झाकणाला कडेनं रबर, पुढं दणकट खटके, खाली दोन चाकं. आपटली तरी फुटणार नाही, पाण्यात टाकली तरी थेंब आत जाणार नाही. नीतानं ती माझ्या ओट्यावर ठेवली आणि पहिलं काम काय केलं असेल? ड्रिल मशीन घेऊन तिला भोकं पाडली.

"अगं, पाणी जाऊ नये म्हणून घेतलीस ना?" मी ओरडलो.

"आत ताप होतो, मामा. श्वास नको का घ्यायला?"

एका बाजूचे पंखे हवा आत ओढणार, दुसऱ्या बाजूचे गरम हवा बाहेर टाकणार. भोकांवर तिनं मच्छरदाणीची जाळी लावली, कारण आमच्या रस्त्यांवरची लाल धूळ कुणाला सोडत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मदरबोर्ड बसवला. शेजारी ग्राफिक्स कार्ड आडवं निजवलं, ते चांगलं विटेएवढं होतं. झाकणाच्या आतून स्क्रीन, पुढं कीबोर्ड, खाली बॅटरी, म्हणजे लाइट गेली तरी काम थांबायला नको. उरलेल्या जागेत फोम भरून त्यात खण कापले. माऊसला एक, वायरींना एक. एक खण रिकामाच होता.

"हा कशाला?"

"दुसरी बॅटरी घेईन तेव्हा लागेल."

"रिकामी जागा दिसली की उंदीर बिऱ्हाड करतात," मी म्हणालो. हसली नुसती.

पत्र्याखाली दणके सोसायला रबर हवं होतं. मी मोठ्या तोऱ्यात गाडीचे रबरी बुश आणून दिले. ते इतके कडक निघाले की त्यावर ट्रक उभा राहिला असता, कॉम्प्युटर मात्र खुळखुळ्यासारखा वाजला. मग जुनी ट्यूब कापून तिच्या घड्या घातल्या, तेव्हा जमलं. परीक्षेला पेटी माझ्या ईको गाडीत मागं ठेवली आणि आम्ही मोखाड्याला निघालो. आयुष्यभर मी खड्डे चुकवले. त्या दिवशी शोधून शोधून घातले. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

मोखाड्याच्या नाक्यावर पेटी उघडली तर स्क्रीन काळाठिक्कर. दणक्यानं ग्राफिक्स कार्ड जागेवरून उचकटलं होतं. मला वाटलं पोरगी रडेल. तिनं भजी मागवली, खाता खाता कार्डाभोवती बोट फिरवून बघितलं, आणि घरी येऊन त्यावर लोखंडी पट्टी आवळली. पुन्हा फेरी, पुन्हा खड्डे, पुन्हा भजी. या वेळी बटण दाबलं आणि पंखे भिरभिरले. नाक्यावर मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की एक कंडक्टर मला ओळखून चाट पडला.

पहिलं लग्न मिळालं आमच्याच पाड्यातलं, गोजाबाईच्या तानीचं. नवरा जामसरचा. गोजाबाई म्हणजे करारी बाई. तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि पोरं तिचं अंगण टाळून लांबून जायची. नीतानं आदल्या संध्याकाळची हळद शूट केली, सकाळचं लग्न केलं, आणि मांडवाच्या कोपऱ्यात पेटी उघडून, कानाला हेडफोन लावून बसली. बघता बघता तिथं गर्दी झाली. कुणीतरी उठवलं की आधारकार्डाचं मशीन आलंय. एक म्हातारबुवा तर अंगठा पुसून रांगेत उभे राहिले, आणि ठसा घेत नाही म्हणून रागावून गेले.

शेवटची पंगत बसायची होती तेव्हा नीतानं हेडफोन काढले. "मामा, झाला!" चेहरा नुसता फुलला होता. तिनं मशीन बंद केलं, झाकण लावलं, खटके ओढले. पंगत उठली की मांडवात पडदा बांधून सिनेमा लावायचा, एवढंच बाकी होतं.

"आधी जेव," मी म्हणालो. "पेटी तिकडं आहेराशेजारी ठेव. भिका बसलाय, लक्ष ठेवील."

भिका म्हणजे माईकवर आहेर पुकारणारा. त्याच्यासमोर कपाट, हंडे, पातेली, मिक्सर असं सगळं मांडलेलं. पेटी तिथं ठेवून आम्ही पंगतीत बसलो. नीताला जागा मिळाली ती जनरेटरच्या कडेला, तिथं स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मला मात्र सगळं ऐकू आलं.

"नीताताई यांच्याकडून... काळी पेटी... एक! टाळ्या!"

माझ्या तोंडात बुंदी होती. मला वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय. मी शेजाऱ्याला कोपर मारून म्हणालो, "माझी भाची."

हात धुऊन आलो तर पेटी नाही. कपाट नाही, हंडे नाहीत, मिक्सरही नाही. आहेराचा टेम्पो पुढं निघून गेला होता.

"ताई, मीच तर चढवली," भिका अभिमानानं म्हणाला. "दोघं लागलो. गोजाबाईनं हळदकुंकू लावलं, मंग चढवली."

गोजाबाईनं तोंडावर हात ठेवला. "मला वाटला, पोरीनं तानीला शिलाई मशीन दिली!"

टेम्पोवाल्याचा फोन लावला, तर तो घाटात, रेंजच्या बाहेर. नवरीची गाडी सुरू झालेली. जामसर लांब, अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून वऱ्हाडी थांबायला तयार नाहीत. तानी रडत रडत गेली, मांडव रिकामा व्हायला लागला. पडद्याची दोरी हातात धरून नीता खाली बसली. सिनेमा होता तो त्या पेटीतच, दुसरीकडं कुठंच नाही.

"मामा, बॅग दाराशीच आहे," ती म्हणाली.

मी भिकावर ओरडलो, जनरेटरवर ओरडलो, बुंदीलासुद्धा बोललो. मग ईको सुरू केली. नीता पुढं बसली, आणि मागचं दार उघडून गोजाबाई आत शिरली. बायका धावल्या. "अगं, पोरीचे पाठोपाठ आई जात नाय!"

"माझे हातानं चढवली, माझे हातानं उतरवीन," गोजाबाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

मोखाडा गेलं, जव्हार गेलं. जामसरच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून आवाज आला. "पोरी, त्या पेटीत हाय तरी काय?"

"तानीचं लग्न," नीता म्हणाली. "अख्खं."

गोजाबाईनं विचार केला. "मंग बरोबर जागी गेली की."

मला हसू फुटलं. नीतालाही फुटलं, डोळ्यांत पाणी असताना.

जामसरला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अंगणात आहेर उतरवून ठेवलेला, आणि कपाटाशेजारी आमची पेटी, झाकणावर हळदकुंकवाची बोटं, खटक्यांत अक्षता अडकलेल्या. तानी पाटावर मान खाली घालून बसली होती, भोवती सगळ्या अनोळखी बायका. आई दिसताच ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. आपण उठावं की नाही हे तिला कळेना.

नवऱ्याची आई बुधीबाई पुढं आली. नीतानं हात जोडून सगळं सांगितलं. अंगणातली माणसं जवळ सरकली. आहेर परत मागायला आलेलं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"चुकून आली तर ने," बुधीबाई म्हणाली. "पण आमचे घरातनं कुणाचं भांडंसुदीक रिकामं जात नाय. पेटीही रिकामी जायची नाय." असं म्हणून ती आत गेली आणि सूपभर नागली, म्हणजे नाचणी, घेऊन आली. एका हातात सूप, दुसऱ्या हातानं खटके उघडून तिनं झाकण वर केलं, आणि सूप तिरकं करणार एवढ्यात नीतानं पेटीवर झेप घेतली. एवढ्या कष्टानं जाळी लावून धूळ अडवली, आणि ग्राफिक्स कार्डावर नागली!

"काकी, थांबा! रिकामी नाहीये ती!"

"मंग दाखव, काय हाय तिच्यात."

नीतानं माझ्याकडं पाहिलं. पेटी घाटातून टेम्पोत हंड्यांबरोबर आपटत आली होती. तिनं बटण दाबलं. मी मनातल्या मनात त्या लोखंडी पट्टीला नमस्कार केला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पंखे भिरभिरले. मी मोठ्यानं "हाण तिच्यायला!" म्हणालो आणि परक्या अंगणात आहोत हे आठवून खोकलो.

नीताच्या खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रोजेक्टर होता. घराची दर्शनी भिंत लग्नासाठी नुकतीच पांढरी केलेली. तिच्यावर खोडाळा उजळला. आमचा पाडा, मांडव, हळद दळणाऱ्या बायका. तानीची मान वर आली. मग तानी घरात नहायला गेली तेव्हाची अंगणातली गंमत आली. बायका फेर धरून नाचत होत्या, आणि मध्ये पदर खोचून, हात वर करून, तोंडभर हसत एक बाई गिरक्या घेत होती.

"आये!" तानी किंचाळली. "तू नाचलीस?"

आणि ती हसली. दोन्ही हात तोंडावर धरूनही हसू मावेना, खदाखदा हसली. सगळं अंगण वळून बघायला लागलं, कारण भिंतीवर नाचणारी बाई त्यांच्यातच बसली होती, पदरानं तोंड झाकून. बुधीबाईनं सूप खाली ठेवलं, गोजाबाईचा हात धरून तिला ओढून उठवलं, आणि दोघी विहिणी भिंतीसमोर नाचल्या. तानी धावत त्यांच्यात शिरली. लग्न संपलंय हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. मीही नाचलो. कमूला सांगू नका.

निघताना नीता पेटी आवरत होती तेव्हा बुधीबाई फडक्यात बांधलेली नागली घेऊन आली. तिनं फोमचा तो रिकामा खण पाहिला, गाठोडं त्यात ठेवलं, अंगठ्यानं दाबून बसवलं. मापात बसलं.

"बघ," ती म्हणाली, "जागा तर तू ठेवलीच होतीस." आणि जाता जाता तिनं पुतणीच्या लग्नाची तारीखही सांगून टाकली.

सकाळी कमूसमोर बसलो तेव्हा मी आणि नीता एकदमच बोलत होतो, त्यामुळं तिला काय कळलं देव जाणे. तिनं पेटी उघडली, खणातलं गाठोडं काढलं, नागली हातावर घेऊन पाहिली, आणि सूप ओढून निवडायला बसली. दुपारी नागलीची भाकरी झाली. कॉम्प्युटरमधून निघालेल्या नागलीची भाकरी खाल्लेला मी खोडाळ्यातला पहिला माणूस असेन. चांगली होती.

दुसरी बॅटरी नीतानं पुढं घेतली, पण ती पिशवीत ठेवते. तो खण ती कुणाला भरू देत नाही, लग्नघरच्या गाठोड्यासाठी रिकामा ठेवते.

त्या दिवशी जेवून उठलो आणि दाराकडं गेलो तर पायाला काही लागलं नाही. नीतानंही खाली पाहिलं.

"आई, माझी बॅग?"

"माळ्यावर," कमू म्हणाली. "रिकामी कशाला ठेवायची? गोधड्या भरल्या तिच्यात."