कमरपट्ट्याची किल्ली

आमचा मालक झालमन लिप्शिन फार धार्मिक माणूस. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही हा आम्हा ज्यूंचा नियम. हातरुमालसुद्धा ओझ्यात धरतात. पण कारखान्याच्या मागच्या दाराची किल्ली त्याला एक दिवसही घरी ठेववत नव्हती. मग त्यानं त्या किल्लीचाच कमरपट्ट्याचा आकडा करून घेतला. कमरेला बांधली की किल्ली म्हणजे कपडा, ओझं नव्हे. प्रत्यक्ष देवाला गुंडाळणारा माणूस, तिथे आम्हा कोट शिवणाऱ्या बायकांची काय कथा!

ते दार तो दिवसभर बंद ठेवायचा. पोरी कापडाचे तुकडे पळवतात म्हणे. माझी लेक फ्रुमा त्या दाराशीच शिवायला बसायची. थंडीत एक दिवस इस्त्रीच्या टेबलाजवळ गॅसची नळी पेटली. धुरात फ्रुमा दारावर मुठी आपटत राहिली आणि दार काही उघडलं नाही. पुरुषांनी बादल्या ओतून आग विझवली म्हणून आम्ही जिवंत. त्या संध्याकाळी तिला चमचा धरवेना. मी तिला लहान मुलासारखं सूप भरवलं, आणि भरवताना माझं डोकं असं फिरलं की ते आजतागायत जागेवर आलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही संप केला. युनियनच्या माणसांपुढे झालमननं तास कमी करायचं कबूल केलं, मजुरीचंही कबूल केलं. दाराचं नाव काढलं की मात्र कानांवर हात. आठवडे गेले. घराघरांतले बटाटे संपत आले. बायका जिन्यात कुजबुजायला लागल्या, "जाऊ दे ना ते दार, ब्रायना. बाकी सगळं मिळालंय." म्हणजे सोमवारी माझी पोर पुन्हा त्याच कुलपाशी बसणार होती.

मधे शब्बाथ आला. झालमन आमच्या सिनेगॉगचा, प्रार्थनाघराचा, अध्यक्षही होता, आणि लेकीच्या लग्नाआधी त्या सकाळी होणाऱ्या जावयाला तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचण्यासाठी पुढे बोलावणार होते. आम्ही बायका वरच्या सज्जात. नवरदेवावर उधळायला झालमनच्या बायकोनं, गिटेलनं, शुक्रवारीच बदाम-अक्रोड आणून ठेवले होते. सगळ्यांच्या मुठी भरलेल्या.

आमच्या गावाकडची एक जुनी रीत आहे. कुणावर अन्याय झाला आणि कुणी दाद देईना, तर त्यानं तोरा वाचन अडवावं. त्याचं ऐकून घेईपर्यंत पुढचा शब्द वाचत नाहीत. न्यूयॉर्कला येताना बहुतेक जण ही रीत बोटीवरच विसरले. मी नव्हते विसरले.

मी उठले.

"अगं, कुठे निघालीस?" गिटेलनं विचारलं.

"खाली."

"खाली पुरुष आहेत!"

"असू देत. घरी नसतात का?"

खाली जाऊन मी वाचनाच्या मेजावर हात आपटला. "थांबा! ह्या माणसानं आमच्या पोरींना कोंडून ठेवलंय. तो उत्तर देईपर्यंत एक शब्द वाचू देणार नाही."

कारखान्यात मी त्याला मालक म्हणायची. इथे तो झालमन, आमच्याच गल्लीतला.

"ब्रायना, आज शब्बाथ," तो गोड आवाजात म्हणाला. "धंद्याची बोलणी आज होत नाहीत. सोमवारी ये."

"सोमवारी तू भेटतोस कुठे, झालमन? मागच्या दारानं पळतोस. तुझ्यासाठी ते उघडतं!"

पुरुष हसले. आमच्या म्हाताऱ्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, डोक्यावरची शाल मागे सारली. "कसलं दार?"

मी सगळं सांगितलं. मग वर बघून म्हटलं, "फ्रुमा, हात दाखव." फ्रुमानं सज्जाचा पडदा सारून दोन्ही हात बाहेर काढले. दोन बोटं अजून फडक्यात बांधलेली होती.

"ही धंद्याची बोलणी नाहीत," रब्बी म्हणाले. "ही जिवाची आहेत, आणि जिवासाठी शब्बाथसुद्धा मोडता येतो. झालमन, किल्ली कुठाय?"

सगळं सिनेगॉग त्याच्या पोटाकडे बघायला लागलं.

"विचार करून सांगतो."

"कर. आम्ही बसलोय." रब्बींनी तोरावर कापड पांघरलं आणि खरंच बसले.

नवरदेव नव्या टोपीखाली घामाघूम. शब्बाथला चूल पेटवत नाहीत, म्हणून सगळ्यांचं जेवण कालपासून बेकरीच्या भट्टीत ठेवलेलं; मागून कुणीतरी ओरडलं, "दे की रे बाबा, भूक लागली!" झालमन हाताची घडी घालून ढिम्म.

मग वरून गिटेलचा आवाज आला. "झालमन! जावयाला किती वेळ ताटकळत ठेवणार? सोड तो पट्टा!"

"गिटेल, अगं, पँट..."

"हातानं धर!"

त्यानं पट्टा सोडून मेजावर ठेवला. पँट मुठीत धरून तो पुटपुटला, "कुलूपही काढीन."

"मोठ्यानं," रब्बी म्हणाले.

"कुलूप काढीन! ते दार पुन्हा बंद होणार नाही!"

नवरदेवाचं वाचन झालं आणि सज्जातून जी उधळण झाली तशी आमच्या सिनेगॉगनं कधी पाहिली नव्हती. मीही वर जाऊन मूठ रिकामी केली. माझा पहिला अक्रोड झालमनच्या टोपीवर बसला. नेम चुकला, असं मी सगळ्यांना सांगते.

किल्ली हातात नेता येत नव्हती, म्हणून मी पट्टा कमरेला बांधला. दोन वेढे बसले. शेजारच्या नोतानं सुरू केलं, "पुरुषाचं वस्त्र बाईनं..." रब्बी खोकले.

आम्ही घरी गेलोच नाही. लडलो स्ट्रीटवरून सगळ्या बायका, मधे मी पोटावर किल्ली मिरवत, कारखान्याच्या अंगणात शिरलो आणि मागचा जिना चढलो. दाराशी मी पट्टा सोडून फ्रुमाच्या हातात दिला. दुखऱ्या बोटांनी तिला किल्ली फिरवता येईना. मी हात पुढे केला.

"राहू दे आई. मीच."

दार उघडलं. आत काम नव्हतं. मशिनी धूळ खात पडल्या होत्या. आम्ही एकेक करून आत गेलो आणि त्याच दारातून बाहेर आलो. बाकीच्या हसत हसत जेवायला पांगल्या. फ्रुमा पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली. आमचं जेवण भट्टीत करपत होतं. मी तिला हाक मारली नाही.