किलोला सत्तावन्न

दिनकररावांनी खिशातून कागद काढला, पंख्यानं उडू नये म्हणून गल्ल्याशेजारची स्टीलची वाटी त्यावर पालथी घातली आणि म्हणाले,

"वाचा, वहिनी. खाली नाव न्हाई, पण लिहिणाऱ्यानं नेमकं लिहिलंय."

कुसुमबाईंनी वाटी बाजूला करून वाचलं. तीनच ओळी होत्या. जिंतूरच्या या भांड्याच्या दुकानात स्टील रोखीला सत्तावन्न रुपये किलो आणि सोसायटीच्या चिठ्ठीला साठ. मग सभासदांनी काय पाप केलं? अक्षर वळणदार होतं. लिहिणाऱ्याचा राग यायला हवा होता, पण लग्नसराईचे दिवस, सकाळपासून काट्यापाशी उभं राहून पोटऱ्यांत गोळे आलेले. रागवायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"कुणी तरी जळतंय आमच्यावर," त्या म्हणाल्या.

"असेल. पण खोटं असलं तर खोटं म्हणून मला लिहून न्यावं लागंल. आन् खरं असलं तर..." दिनकररावांनी पुढचं बोलायचं टाळलं. ते निवृत्त मुख्याध्यापक. नोकरदारांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, तरी कुणाला नापास करायची वेळ आली की अजून त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

पुढचं कुसुमबाईंना पाठ होतं. यादीतून नाव कमी. शिक्षक, तलाठी, पाटबंधाऱ्याचे कारकून, दवाखान्यातल्या बाया, सगळे सोसायटीची चिठ्ठी घेऊन यायचे. भांडी न्यायची चिठ्ठीवर, आणि सोसायटी त्यांच्या पगारातून दहा हप्त्यांत कापून घ्यायची. दुकानातली निम्म्याहून जास्त विक्री त्या चिठ्ठ्यांची. पण सोसायटी दुकानाचे पैसे द्यायची अडीच महिन्यांनी, आणि शंभरातले पाच स्वतःकडं ठेवून. नवऱ्याच्या, दत्तरावांच्या अंगावरून वारं जाऊन दुकान कुसुमबाईंच्या हाती आलं, तेव्हा परभणीचा ठोक व्यापारी उधारीला एक दिवस थांबायला तयार नव्हता. त्यात नामांतराचे बंद. बाजाराच्या दिवशीच फळ्या लावून बसायची पाळी. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक तोड काढली. जो रोख देईल त्याला सोसायटीच्या वाट्याचे ते पाच सोडायचे. रोकड आजच्या आज हातात.

तशी पाटी काही लावता येत नव्हती. सभासदाला रोखीच्याच भावानं माल देण्याचं सोसायटीला लिहून दिलेलं. म्हणून भांडं काट्यावर ठेवता ठेवता त्या हळूच विचारायच्या, "रोख का चिठ्ठी?" रोखीला बिल नाही. बिल फक्त चिठ्ठीला.

आतल्या पडद्यामागून दत्तरावांचा जड जिभेचा आवाज आला, "कोण हाय? दिनकरराव का? चहा सांगितला का न्हाई?"

"सांगितलाय, सांगितलाय," कुसुमबाई घाईनं म्हणाल्या.

सत्तावन्नची गोष्ट दत्तरावांना ठाऊक नव्हती. आपल्या दुकानात पाटलाला आणि पोरासोराला एकच भाव, हे तीस वर्षं ऐकवत आलेला माणूस. आता तेवढंच त्याच्याकडं उरलं होतं.

"मी काय केलं," दिनकरराव म्हणाले, "मागच्या महिन्याचं सगळ्यात मोठं बिल काढलं. येलदरी रस्त्याच्या उपकेंद्रातल्या सिस्टर, सुमनबाई. साडेसात किलो स्टील. आज त्यांची तालुक्याला मीटिंग हाय. येता येता इकडं या म्हणून निरोप दिलाय. त्यांना एकच विचारतो आन् विषय संपवतो."

कुसुमबाईंनी कागदावर वाटी परत पालथी घातली. साडेसात किलो. भाचीच्या लग्नाची भांडी. त्यांना तो दिवस चांगला आठवत होता, आणि आठवायचा नव्हता.

त्या दिवशी सुमनबाईंच्या आधी पालमची चतुराबाई होती. तिला विचारलं होतं, रोख का चिठ्ठी. चतुराबाईनं पोलक्यातून नोटा काढल्या होत्या आणि सत्तावन्नच्या भावानं परात नेली होती. मग सुमनबाईंनी भांडी निवडली. परात, दोन पातेली, कळशी, डबे. कुसुमबाई विचारणारच होत्या, इतक्यात रस्त्यावरून सायकलवाला कुणीतरी ओरडला, "जयभीम, ताई!" सुमनबाईंनी हसून हात वर केला. "जयभीम, जयभीम. कवा आलास?" आणि कुसुमबाईंच्या तोंडातला प्रश्न तोंडातच राहिला. हात आपोआप चिठ्ठीच्या बिलबुकाकडं गेला. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी आणलीच असंल ना?"

सुमनबाईंचा हात पर्समध्ये होता. तो तिथं जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी चिठ्ठी काढून दिली. साठच्या भावानं साडेचारशे.

एवढंच. साडेबावीस रुपयांचा फरक. शेतात दोन दिवस खुरपलं तर तेवढे मिळतात.

"नमस्कार सर." सुमनबाई पायरी चढून आत आल्या. पांढरी साडी, निळे काठ, बसच्या धुळीनं काळवंडलेली चप्पल. त्या स्टुलावर बसल्या नाहीत. "लौकर विचारा. साडेपाचची गाडी गेली तर मुक्काम पडायचा."

दिनकररावांनी चष्मा लावला, बिलाची प्रत उलगडली.

"हे बिल तुमचंच ना, सिस्टर?"

"माझंच."

"माल देताना या वहिनींनी तुमाला रोखीचा वेगळा भाव सांगितला का? नीट आठवून सांगा. घाबरायचं कारण न्हाई."

"घाबरते कशाला?" सुमनबाई म्हणाल्या. "मला न्हाई सांगितला."

"रोख द्या, कमी करते, असं काही?"

"न्हाई सर. मला कुणी रोखीचं विचारलंच न्हाई."

बोलताना त्या दिनकररावांकडं बघत नव्हत्या. कुसुमबाईंकडं बघत होत्या. त्या नजरेत रागबिग काही नव्हतं. सुई टोचल्यावर रक्त आलं का, हे बघतात तसं त्या शांतपणे बघत होत्या.

कुसुमबाईंनी पदरानं मान पुसली. शब्द न् शब्द खरा होता. त्या एका खऱ्यानं दुकान वाचत होतं, आणि त्याच खऱ्यानं कानशिलं तापली होती.

दिनकररावांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी प्रतीच्या पाठीमागं चार ओळी लिहिल्या, सुमनबाईंची सही घेतली.

"मला वाटतच होतं. दत्तरावांचं दुकान हाय, असं कसं होईल? चहा मी समोरच घेतो, वहिनी. गाडीला येळ हाय अजून." ते रस्ता ओलांडून हॉटेलच्या बाकावर जाऊन बसले.

दुकानात दोघीच उरल्या. कुसुमबाईंना काहीतरी बोलायचं होतं. साधं, माणसाला माणूस बोलतं तसं. पण तोंडातून निघालं ते दुकानदाराचंच.

"लय उपकार झाले, सिस्टर."

"उपकार कशाचे? विचारलं त्याचं उत्तर दिलं." सुमनबाईंनी वर टांगलेल्या हंड्यांकडं बोट केलं. "तो मधला काढा."

कुसुमबाईंनी काठीनं हंडा उतरवला, काट्यावर ठेवला. बरोबर दोन किलो. आणि यावेळी प्रश्न न विचारताच म्हणाल्या,

"सत्तावन्ननं एकशेचौदा. वरचे चार ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ कशाला द्यायचे?" सुमनबाईंनी पर्समधून नोटा काढल्या, एकशेचौदा मोजून गल्ल्यावर ठेवल्या. "त्या दिवशीबी होते. चिठ्ठी हप्त्यानं महागात पडती म्हणून बहिणीनं अन् मी मिळून साठवलेले."

कुसुमबाईंनी नोटांना हात लावला नाही.

"मग तवा का न्हाई बोललात, बाई?"

"काय बोलू? माझ्यापाशी बी पैसे हायेत, असं?" सुमनबाई जरा हसल्या. "वीस वर्षं नोकरी झाली, कुसुमताई. लोकांच्या दारात तेच तेच सांगून कटाळा येतो. त्या दिवशी लय चालणं झालं होतं." मग हंड्याचा काठ अंगठ्यानं चाचपत म्हणाल्या, "बिल करा."

"रोखीला बिल..." कुसुमबाई थांबल्या.

"करा की. वजन लिहा, दर लिहा. वर माझं नाव."

समोर हॉटेलात दिनकरराव बशीत चहा ओतत होते. वीस पावलांचा रस्ता. या कागदावर सत्तावन्न आकडा पडला की दुकान या बाईच्या पर्समध्ये गेलं. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर ज्या दिवशी तिच्या मनात येईल त्या दिवशी. कुसुमबाईंनी बिलबुक उघडलं. कार्बन सारखा केला. नाव लिहिलं. हंडा, एक नग. वजन दोन किलो. दराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. साठ लिहून वरचे सहा रुपये सोडून दिले तर? कुणी काही म्हणणार नव्हतं. सुमनबाईसुद्धा कदाचित काही म्हणाल्या नसत्या. नुसत्या बघत राहिल्या असत्या.

त्यांनी सत्तावन्न लिहिलं.

"तारीख."

तारीख टाकली. सही केली. सुमनबाईंनी बिल वाचलं, चार घड्या घातल्या.

"हे काय करणार तुमी?" कुसुमबाईंनी विचारलं.

"काही न्हाई. असू दे जवळ."

हंडा कडेवर घेऊन त्या पायरी उतरल्या. त्यांना बघून हॉटेलातून दिनकररावांनी हाक दिली, "अरे वा! हंडा घेतला, सिस्टर? चांगला दिसतोय. आमच्या घरी बी घ्यायचाय एक. काय भावानं दिला?"

रस्त्याच्या मध्यावर सुमनबाई थांबल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"दुकान त्यांचं हाय, सर," त्या म्हणाल्या. "त्यांनाच विचारा." आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

दिनकररावांनी बशी तोंडापासून खाली घेतली आणि दुकानाकडं पाहिलं. आत पडद्यामागं खाट करकरली. दत्तराव कूस बदलत होते, म्हणजे जागे होते.

"कितीला दिला, वहिनी?"

कुसुमबाईंनी बिलबुक मिटलं. ही काही रस्त्यापलीकडं ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. त्यांनी पदर खोचला, गल्ला तसाच उघडा ठेवला आणि बिलबुक हातात घेऊन पायरी उतरल्या.