पगारी सुट्टी

शोभनाने करंजीच्या कडेला मुरड घातली आणि सारण भरलेली पुढची पारी नैनाच्या पिठाळ हातावर ठेवली.

"चिमटीत धर, दुमड, पुढे सरक. हळू. सारण काही पळून जात नाही."

चार वर्षांच्या नैनाने कड दाबली आणि सारण दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. शोभनाने नवी पारी घेतली.

"नैना, मिस शोभनाला थँक यू म्हण," लॅपटॉपवरून मान न उचलता तिची आई राधिका म्हणाली.

"मिस शोभना कोण? धिस इज मावशी."

शोभना हसली. राधिकाला हसू आलं नाही.

राधिका युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र शिकवायची. या सेमिस्टरला विषय होता कुटुंब. मुलं सांभाळायला ठेवलेल्या बाईला मावशी म्हटलं की तिला उशिरापर्यंत थांबवताना कुणाला संकोच वाटत नाही, नात्याच्या शब्दाआड कितीतरी काम फुकट होऊन जातं, असं तिने वर्गात सांगितलं होतं. आणि त्याच संध्याकाळी, "मावशी, जरा थांबाल का?" हे स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं होतं. तेव्हापासून शोभना पाचला निघायची.

शोभनाला ते पटतही होतं. पिस्कॅटवेत आधी ज्या घरी ती कामाला होती, तिथे 'तुम्ही घरच्याच की' म्हणत तिच्याकडून पार्टीची भांडी घासून घेतली होती. तरीही तिच्या मुलाला, यतीनला दूर दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला नोकरी लागली, तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली नव्हती. नैनाला तेव्हा दात येत होते.

"उद्या तुम्हाला सुट्टी," राधिका म्हणाली. "पेड हॉलिडे. दर दिवाळीला तुम्हाला पहाटे बोलावलं, रिअली सॉरी."

"अगं, नैनाला तेल लावायला यायचे मी."

"तेच ना, मावशी..." राधिका अडखळली. "शोभनाताई. तेही कामच आहे."

शोभना पोळपाट पुसू लागली. तो आधीच स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी यतीनचा व्हिडिओ कॉल होऊन गेला, आणि मग भाड्याच्या खोलीत करण्यासारखं काही उरलं नाही. दुपारी ती राधिकाच्या दाराशी उभी राहिली. कुलपाचा कोड बोटांना पाठ होता. तिने बेल वाजवली.

"अहो, आज सुट्टी ना तुम्हाला?"

"कामाला नाही आले. भेटायला आले. चालेल ना?"

"चालेल काय! या, या."

राधिकाने तिला सोफ्यावर बसवलं. राधिकाचा नवरा ऋषी फराळाची ताटली घेऊन आला, "चकली विकतची आहे हं, नावं ठेवू नका," म्हणाला आणि फोन आला म्हणून वर गेला. चहा झाला. नैना येऊन मांडीत बसली. तिच्या कानामागे उटणं तसंच सुकलं होतं. शोभनाने ते बोटाने हळूच झाडलं, आणि मग बराच वेळ हात तिथेच ठेवला.

शेवटी ती आपला कप घेऊन सिंकपाशी गेली.

"राहू द्या हो," राधिका घाईने उठली. "आज तुम्ही पाहुण्या आहात."

शोभनाने कप खाली ठेवला नाही, नळही सोडला नाही.

"काल कामाला होते, आज पाहुणी," ती म्हणाली. "बरं."

राधिकाने टेबलावरचा स्वतःचा कप उचलला, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कप शोभनापुढे धरला.

"मग माझाही विसळा, मावशी."

बोलून झाल्यावर तिचा चेहरा कावराबावरा झाला. तिने कप मागे घ्यायला हात वळवला.

तोवर शोभनाने तो घेतला होता. तिने पदर खोचला आणि नळ सोडला.